विमान जमिनीवर असते तेव्हा

नोएडाचा नवा विमानतळ यमुना द्रुतगती मार्गालगत जेवर येथे उभा राहिला आहे. तेथील ३९०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर पहिले मोठे विमान उतरले ते ९ डिसेंबर २०२४ रोजी. इंडिगोच्या त्या विमानात प्रवासी नव्हते, ती केवळ चाचणी होती. तरीही पाण्याच्या कमानी उडवून त्याचे स्वागत झाले आणि दूरचित्रवाणीवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसत राहिले. त्याच्या दोन महिने आधी मात्र, ऑक्टोबरात, भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे एक लहानसे, दोन इंजिनांचे बीच किंग एअर विमान त्याच धावपट्टीवर घिरट्या घालून गेले होते. वैमानिकाला धुक्यात वाट दाखवणारी यंत्रणा आणि धावपट्टीचे दिवे बरोबर लागले आहेत की नाही, हे हवेतून तपासण्याचे काम त्याच्याकडे होते. वरात निघण्यापूर्वी रस्ता झाडून जाणाऱ्या माणसाकडे कोण पाहतो? तसेच त्याचे झाले.

लहान विमानांचे नशीब हे असे. आणि त्या विमानांना उडण्याजोगे ठेवणारी जी माणसे असतात, त्यांच्याकडे तर त्याहूनही कमी लक्ष जाते. आकाशात विमान दिसले की घरातले लहान मूल विचारते, ‘हे कोण चालवतं?’ त्याच्यात तेल कोण घालते, त्याची काच कोण पुसते, रात्री ते कोण बांधून ठेवते, हे मूल विचारत नाही आणि मोठेही विचारत नाहीत. वास्तविक चार जणांना घेऊन जाणाऱ्या एका इंजिनाच्या विमानाचे आयुष्य पाहिले तर त्यातला फार थोडा वेळ ते हवेत असते. उरलेला सारा वेळ ते जमिनीवर, कुणाच्या तरी हाताखाली असते.

जमिनीवरची ही वेळ किती नाजूक असते, याचा धडा विमानविद्येला अगदी पहिल्याच दिवशी मिळाला. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी अमेरिकेतल्या किटी हॉकजवळच्या वाळूत चार उड्डाणे केली. चौथे सर्वांत मोठे, ५९ सेकंदांचे. एवढे झाल्यावर यंत्र वाळूवर उभे असताना वाऱ्याचा एक झोत आला आणि त्याने ते उलथून टाकले. मदतीला आलेला जॉन डॅनियल्स हा गडी ते धरून ठेवायला धावला, तर तोही त्याच्याबरोबर गरगरत गेला. सुदैवाने तो वाचला, पण यंत्राचे इतके नुकसान झाले की ते पुन्हा कधी उडालेच नाही. जगातले पहिले विमान हवेत पडून मोडले नाही, जमिनीवर उभे असताना मोडले. शाळेच्या पुस्तकात पहिल्या उड्डाणाची गोष्ट असते, तिच्यात हा शेवट का नसतो कोण जाणे. त्या यंत्राचे इंजिन सहा आठवड्यांत स्वतःच्या हाताने घडवणारा मेकॅनिक चार्ली टेलर याचे नावही फार थोड्यांना ठाऊक असते.

आज जगभरच्या शिकाऊ वैमानिकांच्या हाती जे विमान सर्वांत जास्त दिसते ते सेसना १७२. १९५६ पासून त्याची ४० हजारांहून अधिक नग बांधले गेले आहेत. हे विमान रिकामे असताना साधारण साडेसातशे किलो भरते, म्हणजे जुन्या मारुती ८०० पेक्षा थोडेसेच जड. पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी मात्र ११ मीटर. त्याचा पत्रा डालड्याच्या डब्याची आठवण व्हावी इतका पातळ. आणि याला मागे जाण्याचा गिअर नसतो! त्यामुळे सकाळी हँगरमधून बाहेर काढणे आणि संध्याकाळी आत लावणे, ही दोन्ही कामे माणसांनीच ढकलून करायची. पुढच्या चाकाला लोखंडी दांडी अडकवतात, तिला टो-बार म्हणतात. एकाने ती धरून दिशा द्यायची, दोघांनी पंखाखालचे तिरपे खांब धरून रेटायचे आणि पंखाच्या प्रत्येक टोकाशी एकाने नुसते पाहत चालायचे. भिंत, खांब, शेजारचे विमान, कुणी उघडे ठेवलेले दार, यांपैकी कशालाही पंख लागू नये म्हणून. एवढी खबरदारी घेऊनही खरचटते. या खरचटण्याला विमानवाल्यांत ‘हँगर रॅश’ असे नावच पडले आहे. गाडीचा पत्रा चेपला तर दिसायला वाईट दिसते एवढेच. विमानाची शेपटी चेपली तर आतली बरगडी वाकली आहे का ते पाहिल्याशिवाय विमान उडू शकत नाही.

ढकलायचे कुठे हेही ठरलेले असते. ज्या भागावर ‘ढकलू नये’ किंवा ‘पाय देऊ नये’ असे लिहिलेले असते, तेथे हात लावायचा नाही. पुढचे चाक ठराविक कोनापलीकडे वळवायचे नाही, नाहीतर आतला अडसर मोडतो. टो-बारबद्दल जुन्या मेकॅनिकांचा एक दंडक आहे: हात दांडीवरून निघाला की दांडी चाकावरून निघाली पाहिजे. चहाला बोलावले म्हणून दांडी तशीच ठेवून माणूस गेला आणि वैमानिकाने इंजिन चालू केले, असे प्रकार घडले आहेत. प्रॉपेलर दांडीवर आदळतो आणि मग प्रॉपेलरबरोबर सारे इंजिन उघडून तपासावे लागते.

प्रॉपेलर हा लहान विमानाचा सर्वांत धोक्याचा भाग. तो फिरत असताना दिसत नाही, हे तर खरेच. पण तो थांबलेला असतानाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. याचे कारण मॅग्नेटो. मोटारीत ठिणगी पाडायला बॅटरी लागते. विमानाच्या पिस्टन इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात आणि ते फिरले की आपली वीज आपणच तयार करतात. किल्ली बंद केल्यावर एका तारेने त्यांना जमिनीशी जोडून गप्प केले जाते. ती तार आत कुठे तुटली असेल तर किल्ली खिशात असतानाही मॅग्नेटो जागा राहतो. मग कुणी सहज म्हणून प्रॉपेलर हाताने थोडा फिरवला आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ उरलेली असली, तर इंजिन एक झटका देते. तेवढा झटका हात जायला पुरेसा असतो. म्हणून हँगरमध्ये कामाला लागलेल्या नव्या पोराला पहिल्या दिवशी काही शिकवायचे तर ते हेच: प्रॉपेलरच्या चक्रात उभे राहू नकोस, तो कायम जिवंत आहे असे समज.

आता इंधन. यात कुणाही गृहिणीला पटावे असे पुष्कळ आहे, कारण सारा खेळ गाळण्याचा, निवडण्याचा आणि डबे न चुकवण्याचा आहे. लहान विमानाच्या पिस्टन इंजिनाला लागते ते एव्हगॅस नावाचे विशेष पेट्रोल. ते मुद्दाम निळे रंगवलेले असते. जेट विमानांना लागते ते रॉकेलाच्या जातीचे इंधन. ते बिनरंगी किंवा फिक्या पिवळसर रंगाचे. पिस्टन इंजिनाच्या टाकीत चुकून जेटचे इंधन पडले तर घात होतो. नळीत उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होते, विमान धावपट्टीपर्यंत जाते, वरही चढते आणि मग बंद पडते. अमेरिकेतले ख्यातनाम वैमानिक बॉब हूवर यांच्या दोन इंजिनांच्या विमानात असेच चुकीचे इंधन भरले गेले. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिने गेली. हूवर यांनी कौशल्याने विमान उतरवले. विमान मोडले, माणसे वाचली. इंधन भरणाऱ्या पोराला हाकलून देण्याऐवजी त्यांनी त्यालाच आपले पुढचे विमान भरायला सांगितले, कारण ही चूक हा पोरगा आता जन्मात करणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. पुढे जेट इंधनाच्या नळीचे तोंड मुद्दाम रुंद आणि चपटे करण्यात आले, म्हणजे ते पेट्रोलच्या टाकीच्या बारीक तोंडात जाऊच नये. त्या तोंडाला हूवर यांचेच नाव आहे. माणसाला नुसती समज देण्यापेक्षा चूक करता येणारच नाही अशी वस्तू बनवणे शहाणपणाचे, हे या धंद्याने लवकर ओळखले.

या निळ्या पेट्रोलाशी नोएडाच्या शेजाराचा एक संबंध आहे. भारत वर्षानुवर्षे एव्हगॅस बाहेरून आणत असे. वैमानिक घडवणाऱ्या संस्थांची विमाने त्यावरच चालत आणि भाव परक्यांच्या हातात. २०२२ च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलने स्वतः तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले, ते गुजरातमधल्या वडोदऱ्याच्या कारखान्यात बनलेले. त्याचा समारंभ झाला नोएडाला लागूनच असलेल्या गाझियाबादच्या हिंडन हवाई तळावर. २०२४ च्या जानेवारीत तर त्याची पहिली खेप आपल्या न्हावाशेवा बंदरातून पापुआ न्यू गिनीला रवाना झाली.

इंधन चांगले असले तरी पाणी त्याचा वैरी. दिल्ली आणि नोएडाकडच्या हिवाळ्यात पहाटे दव किती पडते ते तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या हवेतली वाफ रात्री गार पत्र्यावर थिजते आणि तिचे पाणी होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते आणि इंजिनाकडे जाणारी वाट तळाशीच असते. म्हणून शक्य तेव्हा संध्याकाळी टाक्या भरून ठेवायच्या. हवेला जागाच उरू द्यायची नाही. आणि सकाळी विमान हलवण्याआधी प्रत्येक टाकीच्या तळाची चावी दाबून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढून पाहायचे. नव्या सेसना १७२ ला अशा एक-दोन नव्हे, १३ जागा आहेत. पेल्याच्या तळाशी पाण्याचा थेंब मण्यासारखा वेगळा दिसतो. सगळाच पेला एकसारखा दिसला म्हणून खुश व्हायचे नाही. सगळेच पाणीही असू शकते. त्यासाठी रंग पाहायचा, वास घ्यायचा. टाकी भरताना आधी तांब्याच्या तारेने विमान, इंधनाची गाडी आणि जमीन यांची जोडणी करायची, कारण कोरड्या हवेत नळीतून वाहणारे पेट्रोल स्थिर वीज साठवते आणि एका ठिणगीत सारे संपते. शेवटी काट्यावर विसंबायचे नाही. पंखावर चढून टाकीत काठी बुडवायची आणि ओला भाग डोळ्यांनी पाहायचा. पीठ किती उरले ते डब्यात हात घालूनच कळते, तसे.

जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ या छोट्या विमानातून मुंबईला निघाले, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीतून! बर्मा शेलचे चार चार गॅलनचे डबे गाडीतून उतरवून टाकीत ओतले गेले. त्या काळी विमानात पेट्रोल ओतताना ते मऊ कमावलेल्या कातड्यातून गाळून घेण्याची पद्धत असे. कातड्यातून पेट्रोल जाते, पाणी अडते. जेआरडी दुपारी मुंबईत जुहूला पोहोचले. जुहूला ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक खोपटी होती, हाताशी मोजके मेकॅनिक आणि उमेदवार होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, मग सारे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. देशातल्या विमानसेवेचा पाया असा घातला गेला. तो इतिहास सांगताना वैमानिकाचे नाव सर्वांच्या ओठांवर येते आणि येऊ द्यावे. पण बैलगाडीवाल्याने डबे वेळेवर आणले नसते तर टपालही वेळेवर पोहोचले नसते, एवढे विसरू नये.

वाऱ्याबद्दल थोडे. मे-जूनमध्ये उत्तरेत जी ‘आँधी’ येते ती आपल्याकडच्या वळवाच्या वाऱ्यापेक्षा जास्त दांडगी. २०१८ च्या मे महिन्याच्या आरंभी आलेल्या अशा वादळात उत्तर प्रदेश व राजस्थान मिळून शंभराहून अधिक माणसे दगावली. सेसनासारखे विमान ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेगाला हवेत तरू शकते. याचा अर्थ असा की समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला तर उभे विमान, तेही रिकामे, जमीन सोडायला बघणार. त्याला वैमानिक बसला आहे की नाही याच्याशी कर्तव्य नाही. म्हणून उघड्यावर ठेवलेले विमान नाक वाऱ्याकडे करून, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून आणि तीन ठिकाणी, दोन पंख व शेपटी, जमिनीतल्या कड्यांना दोराने बांधून ठेवतात. काथ्याचा दोर असेल तर तो ओला झाल्यावर आखडतो, हे लक्षात घेऊन बेताची ढील सोडावी लागते. पंखांच्या व शेपटीच्या हलत्या झडपा वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना आतून खीळ घालतात.

ही खीळ काढायला विसरले तर काय होते, हे अमेरिकेत ३० ऑक्टोबर १९३५ रोजी दिसले. बोईंग कंपनीचे नवे, चार इंजिनांचे बाँबफेकी विमान चाचणीसाठी उडाले. ते थोडे चढले आणि कोसळले. दोघांचा जीव गेला. यंत्रात काहीच बिघडले नव्हते. शेपटीची खीळ काढायची राहून गेली होती, एवढेच. चालवणारे लोक नवशिके नव्हते, उलट निवडक होते. त्या अपघातानंतर वैमानिकांसाठी कामांची लेखी यादी करण्याची पद्धत रुजली. आज शस्त्रक्रियेच्या खोलीतही डॉक्टर अशी यादी वाचतात, तिचे मूळ त्या विसरलेल्या खिळीत आहे.

असेच विसरणे झाकणांचे. विमानाच्या पंखाखाली एक बोटाएवढी पोकळ नळी पुढे आलेली असते. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्या दाबावरून वेग कळतो. विमान उभे असताना तिच्यावर टोपी घालतात आणि टोपीला लाल फीत लावतात, ती फडफडत राहावी आणि उडण्याआधी नजरेत भरावी म्हणून. टोपी घालायचे कारण पाऊस-धूळ हे आहेच, पण मोठे कारण आहे कुंभारीण माशी. आपल्या घराच्या चौकटीवर, कुलपाच्या भोकात मातीचे घर करणारी तीच. तिला ही नळी फार आवडते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन रिपब्लिकमधून उडालेले एक मोठे जेट विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. ते काही दिवस नळ्या न झाकता उभे होते आणि अशाच एखाद्या माशीने नळी बुजवली असावी, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूमधले दुसरे विमान गेले, ७० माणसांसह. ते धुताना हवेच्या दाबाच्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. बाकी आपल्याकडे साळुंक्या आणि चिमण्याही कमी नाहीत. दोन दिवस विमान उभे राहिले की इंजिनाच्या झाकणात काड्या, गवत, कापूस सापडायला लागतो. इंजिन तापले की त्या घरट्याची चूल होते. म्हणून रोज सकाळी टॉर्च घेऊन आत डोकवायचे.

हे सारे रोजचे. त्यापलीकडे उड्डाणाचे तास मोजून करायची देखभाल असते, साधारणपणे ५० तासांनी लहान आणि १०० तासांनी मोठी. मोठ्या तपासणीत इंजिनाचे झाकण उतरते. तेल गरम असतानाच काढतात, म्हणजे गाळही बरोबर निघतो. तेलाची गाळणी नुसती बदलून चालत नाही; ती कापून, घड्या उलगडून त्यात धातूचा कण चमकतो का ते उजेडात पाहतात, चुंबक फिरवतात. कण सापडला तर इंजिनाच्या पोटात काहीतरी झिजते आहे. मग सिलिंडरमध्ये हवा भरून दाब धरतो का ते पाहायचे, ब्रेकच्या पट्ट्या, चाकातली हवा, चढ-उताराच्या तारा तपासायच्या. अशा तारेवरून फडके फिरवतात. एखादा धागा तुटला असेल तर फडके अडकते, बोट कापत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनाला ठिणगीचे प्लग मात्र आठ. प्रत्येकात दोन, एक दगा देईल तेव्हा दुसरा असावा म्हणून. प्लग काढून त्यात साठलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या टोकदार हत्याराने कोरून काढतात.

प्लगवरून एक जुनी हकिकत सांगितलीच पाहिजे. १९३० साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधला प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस जाहीर केले होते. इकडून निघाले जेआरडी, तिकडून निघाला अवघ्या १७ वर्षांचा अस्पी इंजिनीयर. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगअभावी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्याला देऊन टाकले आणि आपल्या वाटेने निघाले. शर्यत अस्पीने जिंकली, जेआरडी थोडक्यात मागे राहिले. हाच अस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. सुटा भाग जवळ बाळगणे ही देखभालीतली साधी सवय, पण तिच्यामुळे शर्यतीचा निकाल फिरला, आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने!

नट-बोल्ट हे प्रकरण मात्र सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गंभीर. बोल्ट किती जोराने आवळायचा हे मापाच्या पान्याने ठरते, मनगटाने नव्हे. आवळल्यावर त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून, पीळ देऊन शेजारच्या बोल्टला बांधतात. पीळ असा की एक सैल व्हायला गेला तर दुसरा त्याला घट्ट करील. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत निसटली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. काच त्या उड्डाणाच्या थोडेच आधी बदलली होती. नवे बोल्ट पुस्तकातला क्रमांक न पाहता जुन्यांशी नजरेने जुळवून घेतले होते. ९० पैकी ८४ बोल्टांची जाडी पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने चुकली होती. ते काम करणारा माणूस आळशी नव्हता. रात्रीची वेळ, माणसे कमी, विमान सकाळी हवे, म्हणून त्याने पुढे होऊन काम अंगावर घेतले होते. यंत्र ओळखीचे झाले, हात सराईत झाला की पुस्तक उघडण्याचा कंटाळा येतो, आणि धोका तिथे असतो. नवशिक्यापेक्षा जाणकाराला ही यादी, हे पुस्तक जास्त लागते, असे म्हणायला हरकत नाही.

हत्यारांचेही तसेच. चांगल्या हँगरमध्ये भिंतीवर फळा असतो आणि त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवलेली असते. हत्यार काढले की आकृती उघडी पडते. संध्याकाळी एक आकृती उघडी असेल तर विमान उडत नाही, ते हत्यार सापडेपर्यंत. इंजिनात राहिलेला पाना म्हणजे पोटात राहिलेली कात्री. अशा वेळी ‘माझ्याकडून राहिला’ असे म्हणणाऱ्या पोराला ओरडा बसला तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही, म्हणून शहाणा मुख्य मेकॅनिक आवाज चढवत नाही. आपल्याकडे मोठ्या आवाजालाच शिस्त समजण्याची सवय आहे. ती निदान हँगरच्या दाराबाहेर ठेवावी.

काम झाले की नोंदवहीत लिहून परवानाधारक देखभाल अभियंत्याने सही करायची. परवाना देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्याचे कार्यालय दिल्लीत सफदरजंगच्या जुन्या विमानतळासमोर आहे. १९२८ पासूनच्या दिल्ली फ्लाइंग क्लबच्या आठवणी याच मैदानाशी निगडित आहेत. सही झाली तरी वैमानिक विमानाभोवती स्वतः एक फेरी मारतो, तेल पाहतो, झडपा हलवून पाहतो. यात कुणी कुणाचा अपमान मानत नाही. कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, तेव्हा ते सुटे करून खाली उतरवण्यापासून नोंदणीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालण्यापर्यंत किती दिव्ये करावी लागली, ते महाराष्ट्राने पाहिले. २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली. लोकांनी गच्चीचे कौतुक केले. पण विमान बांधल्यावर ते उडण्याजोगे आहे असे कुणीतरी जबाबदारीने लिहून द्यावे लागते, ही त्यातली अवघड बाजू फारशी चर्चेत आली नाही.

जेवरच्या विमानतळासाठी रोही, दयानतपूर, किशोरपूर, रणहेरा अशा गावांतल्या कुटुंबांनी घरे आणि शेते सोडली. त्यांच्या मुलांना विमानतळावर नोकऱ्या मिळतील असे सांगितले गेले. विमानतळावरची बहुतेक कामे जमिनीवरचीच असतात: सामान, इंधन, ढकलणे, झाडणे, तपासणे. ही कामे हलकी समजून कशीबशी माणसे भरून उरकली जातात की शिकवून, नीट पगार देऊन करून घेतली जातात, यावर त्या मुलांचे आणि वर बसलेल्या प्रवाशांचेही बरेच काही अवलंबून आहे.

आपल्याकडेही बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलामुलींना देखभाल अभियंत्याचा हा रस्ता मोकळा आहे. मुंबईच्या जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासून आहे. त्याचे उड्डाणाचे शिक्षण आता धुळ्याला चालते. देखभालीचे शिक्षण देणाऱ्या संस्था देशात पुष्कळ निघाल्या आहेत, जाहिराती तर त्याहून जास्त. पैसे भरण्यापूर्वी महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत संस्थेचे नाव आहे का, आणि मान्यता पिस्टन विमानांची आहे की जेटची, ते पाहून घ्यावे. वर्गातल्या अभ्यासाबरोबर चालू विमानांवर हाताने काम करायला मिळणार की नाही, तेही विचारावे. त्या अनुभवाशिवाय पूर्ण परवाना मिळत नाही. संस्था पाहायला जाल तेव्हा संगणकाच्या खोलीआधी हँगर दाखवायला सांगावे. तेथे हत्यारांचा फळा आहे का ते पाहावे, आणि त्यावरची एखादी आकृती उघडी दिसली तर तो पाना या घडीला कुणाकडे आहे, एवढे विचारावे.